सोयरिकीच्या वाटेवरचे सहा थांबे

भातसानगरच्या वसाहतीत बुधू मेंगाळइतकी हळू मोटारसायकल चालवणारा दुसरा माणूस नव्हता, आणि याबद्दल तिथे कोणाचेही दुमत नव्हते. धरणाच्या कामावर तो आधी रोजंदारीवर आणि मग कायम चौकीदार म्हणून लागला. शहाण्णव साली बदली होऊन जाणाऱ्या एका कारकुनाची जुनी गाडी त्याने घेतली. ती धूर फार सोडायची. इतर गाड्यांचा धूर मागे राहतो, बुधूचा पुढे जातो, असे लोक म्हणायचे.

बुधूच्या पाड्यापासून वसाहत सहा किलोमीटर. एरवी तो हळू का होईना, जायचा. भर पावसातही जायचा. पण पावसाने पंधरा-वीस दिवस दडी मारावी आणि मग एखाद्या दिवशी नुसती भुरभुर सुरू व्हावी, की बुधू गाडी झाडाखाली लावून रस्त्याकडे बघत उकिडवा बसायचा. समोर मोकळे डांबर, शेजारी धडधाकट गाडी, आणि हा बसलेला.

"ए बुधू, मुहूर्त बघतोस काय रे?" जाता जाता जीपवाले ओरडायचे.

एकदा मोठ्या साहेबांनी गाडीची काच खाली करून विचारले, "काय मेंगाळ, पाऊस पडतोय म्हणून थांबलास?"

"नाय साहेब," बुधू उभा राहून म्हणाला, "कमी पडतोय म्हणून थांबलोय."

साहेबांनी काच वर घेतली. चौकीदार रात्रपाळीला काय पितो, याची दोन दिवसांनी चौकशी झाली.

बुधू असा जन्मापासून नव्हता. गाडी घेतली त्याच्या दुसऱ्या वर्षी, दिवाळीनंतरची गोष्ट. पाऊस जाऊन महिना झाला होता. खडीच्या डंपरांनी रस्त्यावर भुकटी पसरली होती, जीपगाड्यांचे तेल ठिबकले होते, गुरे रोज दोनदा जात होती. अशात आभाळ आले आणि चार थेंब पडले. घर गाठायच्या घाईत बुधूने वळणावर ब्रेक दाबला आणि गाडी त्याला न विचारता आडवी झाली. बुधू बराच वेळ तिच्या मागे घसरत गेला.

वळणावर कातकरवाडीची जनाबाई डोक्यावर मोळी घेऊन उभी होती. तिने सगळे शांतपणे पाहिले.

"मोडलं काय रे काय?"

"नाय."

"मंग ऊठ. आमी अनवाणी चालतो, तरी अशा दिवशी डांबरावरनं जात नाय, कडंकडंनं जातो. तू तर चाकावर."

"चार थेंब तर पडलंत गो मावशी."

"चार थेंबच वाईट. महिन्याचा समदा गाळ कालवून ठेवतात, साबणावानी. बदाबदा पडू दे, रस्त्याची आंघोळ होऊ दे, मंग जा की." एवढे बोलून ती कडेकडेने निघून गेली.

परवाना काढताना बुधूने आरटीओच्या साहेबासमोर पाय न टेकता इंग्रजी आठाचा आकडा काढून दाखवला होता. त्या आठात हे कुठेच नव्हते. कोपराची जखम भरेपर्यंत त्याने जनाबाईच्या म्हणण्यावर विचार केला, आणि नंतरची पाच-सहा वर्षे रस्ता वाचण्यात घातली. कडेने वाहणाऱ्या पाण्यावर पांढरा फेस आहे तोवर निघायचे नाही. पाणी नितळ झाले की निघायचे. थांबणे शक्यच नसेल तर रस्त्याच्या मधून जायचे नाही, कारण तेल मधे ठिबकते. मोठ्या गाड्यांची चाके जिथून जातात तो पट्टा धरायचा. वेग वळणाआधी टाकायचा, वळणात ब्रेकला हात लावायचा नाही. पुलावरची लोखंडी पट्टी सरळ ओलांडायची. खांदे सैल ठेवायचे, गाडीचा गळा आवळायचा नाही. हे सगळे तो कोणालाही सांगायला तयार होता. विचारले मात्र कोणीच नाही.

असे हे ज्ञान अंगी बाळगून बुधू दोन हजार तीन सालापर्यंत आला आणि त्याच्या मुलीची, प्रेमाची, सोयरीक निघाली.

प्रेमा आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली. आधी आलेली दोन स्थळे तिने नाकारली होती. एकाचे तोंड सारखे उघडे राहते म्हणून, आणि दुसऱ्याचे मिटत नाही म्हणून. तिसरा नितीन. सिद्धगडाच्या पायथ्याच्या पाड्यातला, मुरबाडला कंपनीत कामाला. मामेबहिणीच्या हळदीत दोघांनी एकमेकांना पाहिले होते, आणि तेव्हापासून प्रेमा चुलीपुढे बसली की भाकरी करपत होती. बुधूने करपलेल्या भाकरी बिनतक्रार खाल्ल्या. मुलगी तोंडाने काही बोलली नाही, पण हे मोडले तर ती चौथ्या माणसाकडे बघणार नाही, एवढे त्याला कळत होते.

आता उरले होते ते मुलीच्या बापाने मुलाचे घर बघून येणे. मध्यस्थ होता दामू, बुधूचा मेहुणा. तो आदल्या दिवशीच तिकडे जाऊन बसला होता. जाताना म्हणाला, "दाजी, तुमची ती धुराडी नका आणू. एसटीनं मुरबाडला या. पोरगा नव्या गाडीवर घ्यायला येईल. त्यांचा मान हाय तो."

निघताना बुधूच्या बायकोने, भिमीने, त्याला उंबऱ्यात अडवले. त्यांच्या पाड्यांत सोयरिकीच्या वाटेवर वाईट शब्द काढत नाहीत. पडणे, मोडणे, घसरणे, मागे फिरणे यातले काही तोंडातून जायचे नाही. 'थांब' किंवा 'हळू' म्हणणेही बरे नाही. वाटेत जे बोलाल ते सोयरिकीला लागते, अशी समजूत. भिमीची मावशी एकदा अशा वाटेवर दुधाच्या तांब्याकडे बघून 'सांडेल गो' म्हणाली होती. दूध सांडले नाही, सोयरीक मात्र सांडली.

"तोंड सांभाळा," भिमी म्हणाली. "तुमाला मेलं गाडीवर बसलं की घसरण्याबिगर दुसरं काय दिसत नाय."

"मी कुठं चालवणार हाय? मागं तर बसायचंय."

हेच तर वाईट होते, पण ते त्याला मुरबाडला पोहोचल्यावर कळले.

नितीन स्टँडबाहेर उभा होता. लाल कोरी गाडी, नीट विंचरलेले केस, हसरा चेहरा. वाकून पाया पडला. "बसा मामा. तासाभरात घरी." बुधूला पोरगा आवडला. आपण उगाच काळजी करत होतो असे वाटून तो मागे बसला. आणि तेव्हाच त्याच्या हातावर एक थेंब पडला.

कार्तिकाचे दिवस. पाऊस जाऊन पाच आठवडे झाले होते. दोन्ही बाजूंना कापलेले भात पडलेले, रस्त्यावर डंपरची भुकटी आणि बैलगाड्यांतून सांडलेला पेंढा. वर आभाळ दाटून आलेले आणि खाली भुरभुर, अगदी जनाबाईच्या चार थेंबांसारखी. नितीनने एकदा वर पाहिले आणि गाडी सुसाट सोडली.

बुधूने त्याच्या खांद्यावरून पुढे नजर टाकली. पोरगा बरोब्बर रस्त्याच्या मधून, तेलाच्या काळ्या पट्ट्यावरून चालला होता. पहिले वळण आले. वळणात शिरल्यावर त्याने पुढचा ब्रेक आवळला. मागचे चाक हातभर बाजूला गेले, काय करावे याचा विचार केल्यासारखे तिथे राहिले आणि परत आले.

"गाडीनं जरा डान्स केला," नितीन हसून म्हणाला.

बुधूच्या तोंडात पाच वाक्ये आली. पाचही वाक्यांत वर्ज्य शब्द होते. त्याने ती गिळली आणि म्हणाला, "पावनं, तंबाखू घ्यायची व्हती."

नितीनने लगेच गाडी टपरीशी घेतली. होणाऱ्या सासऱ्याची पहिलीच इच्छा. बुधूच्या खिशात भरलेली पुडी होती. त्याने दुसरी घेतली, चुना घेतला आणि मळायला सुरुवात केली. आजवर कोणीही इतकी बारीक तंबाखू मळली नसेल. पण भुरभुर तशीच होती, ना थांबत होती, ना वाढत होती. नितीन सारखा आभाळाकडे बघत होता. शेवटी तंबाखूचे पीठ झाले आणि बुधूला उठावे लागले.

दोन किलोमीटरवर उतार दिसला. बुधूने खांद्याला हात लावला. "जरा... आडोशाला जाऊन येतो."

करवंदीच्या जाळीमागे बसून त्याने रस्त्याचा अंदाज घेतला. फेस यायलाही अजून सुरुवात नव्हती. हे साधे गणित होते: धो धो पाऊस यायला हवा. तो आला की वीस मिनिटांत रस्ता धुऊन निघेल. हात जोडून पावसाला बोलवावे असे त्याच्या मनात आले. समोर कोणाचे तरी कापलेले भात पसरलेले होते. तरी त्याने मनातल्या मनात बोलावलेच.

पुन्हा बसले. पुन्हा वळण, पुन्हा चाकाचा विचार. पुन्हा खांद्यावर हात, पुन्हा जाळी.

"मामा, बरं हाय ना?" नितीनने या खेपेला विचारले.

"हाय की. पानी चांगलं तुमच्याकडलं."

पाणी तो अजून प्यायलाच नव्हता.

चौथ्या वेळी पुन्हा जाळीमागे जायला त्याला संकोच वाटला. रस्त्याकडेला एक पाडा दिसला. "इथं माझा एक ओळखीचा हाय. सावळ्या. दोन शब्द बोलून येतो," असे म्हणून तो उतरला, आणि पहिल्या घरापुढे जाऊन हाक मारली, "सावळ्या हाय काय रे?"

कोणी नसणार, मग शोधाशोध करत पाव तास काढता येईल, असा त्याचा हिशेब. पण त्या भागात दर पाड्यात एखादा सावळ्या असतोच. आतून धोतर सावरत एक म्हातारा आला.

"मीच सावळ्या. तू कोन?"

"मी... बुधू."

सावळ्याने त्याला खालीवर निरखले. ओळख पटत नव्हती, पण तसे म्हणणे बरे दिसेना. "बुधू! अरं, किती वाळलास रे!" असे म्हणून त्याने घोंगडी टाकली. मग दोघांनी अर्धा तास एकमेकांच्या न पाहिलेल्या बायकापोरांची खुशाली विचारली. सावळ्या निरोप देताना गहिवरला. भुरभुर तशीच होती.

पाचव्या थांब्याची जाळी खोटी होती, हे नितीनच्याही लक्षात आले असावे. फक्त आभाळाकडे पाहून त्याने सुस्कारा टाकला. बुधूला वाटले, पोरगा भलताच उतावळा. गाडीचा रुबाब दाखवायची हौस, दुसरे काय.

म्हसा गाव आले. बुधूला चहाची तल्लफ लागली. कप हातात आला आणि बाहेर आभाळ फुटले. पत्र्यावर असा मारा सुरू झाला की शेजारचा माणूस काय बोलतोय ते कळेना. बुधू दाराशी जाऊन उभा राहिला. गटारीत आधी फेसाचे गोळे गेले, तेलाचे रंग गेले, पेंढा गेला. मग पाणी नितळ झाले. सकाळपासून पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर हसू आले. मागे नितीन डोक्याला हात लावून बाकावर बसला होता.

"चला पावनं!" बुधू ओरडला. "आता घ्या, कशी घ्यायची तशी!"

मुसळधार पावसात बाहेर निघालेल्या त्या माणसाकडे नितीनने बघितले, आणि निमूट गाडी सुरू केली.

पाड्यात पोहोचले तेव्हा तासाच्या वाटेला साडेतीन तास झाले होते. घरापुढच्या खळ्यात नितीनचा बाप भगीरथ, आई चंद्रकला, म्हातारी आजी आणि दामू चिखलात पाय रोवून भाताचे भारे पडवीत ओढत होते. अर्धे भिजले होते. नितीन गाडी टाकून तसाच धावला.

मग बुधूला समजले. पोरगा आभाळाकडे का बघत होता ते समजले. उघड्यावर वर्षाचे भात, ते झाकायला हाताशी असलेला एकच जवान पोरगा, आणि त्याला आपण जाळीजाळीशी थांबवत आणलेला. घाई आहे म्हणणे पाहुण्याच्या मानाला कमी, म्हणून तो बोलला नाही. आणि हळू घे म्हणणे सोयरिकीला वाईट, म्हणून हा. वर पाऊस आपणच मागितला होता. बुधूने धोतर खोचले आणि तोही भारे ओढू लागला.

काम उरकल्यावर दामूने त्याला शेळ्यांच्या गोठ्यामागे नेले.

"दाजी, सहा येळा उतरलात म्हणं."

"उतरलो."

"घरात दोन पक्ष पडलेत. म्हातारी म्हणती, बापाच्या मनात नाय, वाटभर पाय मागं वढत आला. चंद्रकला म्हणती, माणूस आजारी हाय. भगीरथ गप बसलाय, आन तो गप बसला की सोयरीक परत जाती, हे मला ठावं हाय. काय खरं?"

"खरं म्हंजे, पोराला गाडी..." बुधूने जीभ चावली. मुलाच्याच दारात उभे राहून, तुमच्या मुलाला गाडी चालवता येत नाही, तो मला पाडणार होता, असे सांगायचे? पोराने शब्द न काढता सहा वेळा गाडी थांबवली, घरचे भात भिजू दिले, त्याच्याबद्दल? आणि मग प्रेमाला काय सांगायचे? त्याला करपलेली भाकरी दिसली.

"आजारी हाय म्हणून सांग," तो म्हणाला.

"कसला आजार?"

सारखे लघवीला लावणारा आजार बुधूच्या ओळखीत एकालाच होता. काच वर घेणाऱ्या मोठ्या साहेबांना. "साखरेचा," तो म्हणाला.

दामूने आत जाऊन सांगितले. भगीरथने चिलीम बाजूला ठेवली.

"साखर? ती तर साहेब लोकांना व्हते."

"मग? वसाहतीत उठबस कुनात हाय दाजींची?" दामू आता रंगात आला. "सकाळ-संध्याकाळ विंजनेरांबरोबर."

भगीरथने बुधूकडे नव्याने पाहिले. "आमच्या पाड्यात अजून कुनाला नाय," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात थोडा आदर होता.

"पोरीला तर नाय ना?" चंद्रकलाने विचारले.

"पोरगी कुठं साहेबांत बसती?" दामू म्हणाला.

हे सर्वांना पटले. सोयरीक पक्की झाली. सर्वांना गूळपाणी दिले. बुधूच्या पुढचा गूळ चंद्रकलाने मोठ्या मायेने उचलून बाजूला ठेवला. सकाळपासून त्याच्या पोटात तेवढा अर्धा कप चहाच गेला होता.

चैत्रात लग्न झाले. पंगतीत बुंदी होती. वाढणाऱ्यांना भगीरथने बजावून ठेवले होते, त्यामुळे ती बुधूच्या पानावर पोहोचली नाही. व्याह्यांच्या घरी त्याला पुढे कायम कोरा, बिनसाखरेचा चहा मिळाला, आणि पाहुण्यांना त्याची ओळख 'साखरवाले व्याही' अशी करून दिली जाऊ लागली. पहिल्या माहेरपणाला आलेल्या प्रेमाने बापापुढे शिऱ्याची ताटली ठेवली आणि समोर बसली.

"बा, तुला साखर कवा झाली?"

"तुझी सोयरीक झाली तवा."

त्याने तिला सगळे सांगितले. प्रेमा आधी खूप हसली, मग एकदम पुढे सरकली. "म्हंजे ते अजून तशीच चालवतात?"

"तशीच."

"मग सांगू त्यांना?"

"नको. सांगितलंस तर म्हणंल, मी कुठं घसरतो? शिकवलं की पोरं चिडतात. आजारी माणसासाठी थांबतो ना, थांबू दे."

यात एकच अडचण होती. आजारी माणूस मागे बसलेला असला तरच नितीन थांबणार. म्हणून पुढची काही वर्षे भातसानगरच्या वसाहतीत एक नवलच दिसू लागले. पावसाने दडी मारली आणि आठ-पंधरा दिवसांनी आभाळ भरून आले, की जो चौकीदार एरवी झाडाखाली बसायचा, तो रजेचा अर्ज टाकून मिळेल त्या एसटीने मुरबाडला धावायचा. कंपनी सुटायच्या वेळेला फाटकाशी उभा.

"मामा, आज?" नितीन विचारायचा.

"पोरीची आठवन आली."

मग तंबाखू, जाळी, जाळी, चहा. नितीनने कधी कुरकुर केली नाही. फक्त एकदा तो प्रेमाला म्हणाला, "तुझ्या बाला तुझी आठवण बरोब्बर पावसालाच कशी येते गो?" प्रेमाने दळण पाखडत उत्तर दिले, "हळवे हायेत ते."

दोन हजार आठ साली, भाद्रपदात, असाच एक दिवस होता. अठरा दिवसांच्या उघडिपीनंतर भुरभुर. म्हसा गावच्या त्याच हॉटेलात दोघे बसले होते. बाहेर रस्त्यावर एक पोरगा गाडीसकट लांबवर घसरत गेला, उठला, गुडघा झटकत लंगडत आत आला. नितीनने त्याला पाण्याचा पेला दिला.

"सवय नाय तुला," नितीन त्याला समजावू लागला. "हात लागतो गाडीला. मी बघ, पाच वर्षं याच रस्त्यानं जातोय. भर पावसात. एकदा पन पडलो नाय."

"एकदा पन?" पोरगा म्हणाला.

"इचार मामांना. मागं बसलेले असतात." मग त्याने आवाज खाली आणला. "सासरे माझे. साखर हाय बिचाऱ्यांना. दर दोन मैलांवर थांबावं लागतं, नायतर मी केव्हाच घरी गेलो असतो."

पोराने बुधूकडे कणवेने पाहिले. बुधूने मान डोलावली आणि कडू चहाचा घोट घेतला. प्रेमाला सहावा महिना होता, आणि पाऊस अजून म्हणावा तसा वाढला नव्हता.

"पावनं," तो कप खाली ठेवत म्हणाला, "जरा आडोशाला जाऊन येतो."

"सावकाश जा मामा," नितीन म्हणाला. "बाहेर घसरडं हाय."